ठराव अडतात कुठे? कल्पित राष्ट्रांच्या संघटनेची फेरबांधणी

ऑनलाइन रोलप्लेमध्ये स्वतःचं कल्पित राष्ट्र चालवणारी माणसं एकत्र आली, की त्यांच्यात आंतरराष्ट्रीय संघटना निघायला फार वेळ लागत नाही. सनद लिहिली जाते, सरचिटणीस निवडला जातो, निःशस्त्रीकरणावर आणि सागरी हद्दींवर कडाक्याच्या चर्चा झडतात. काही महिन्यांनी मात्र सभेत तीच चार माणसं बोलताना दिसतात, मांडलेले ठराव गणपूर्तीअभावी पडून राहतात आणि मग कुणीतरी सुधारणेची हाक देतं. ही सुधारणा बहुतेक वेळा जुन्या पंधरा कलमांच्या जागी नवी चाळीस कलमं, दोन जादा समित्या आणि एक न्यायालय अशा रूपात येते. तुमच्यावर अशा कामाची जबाबदारी आली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. त्यातलं म्हणणं एवढंच, की अशा संघटनेत टंचाई असते ती खेळाडूंच्या वेळेची. खऱ्या जगातल्या संघटना सार्वभौम राष्ट्रांमधले तंटे आवरण्यासाठी घडवल्या जातात. कल्पित राष्ट्रांच्या संघटनेत तंटे हवेतच, किंबहुना लोक येतात ते त्यासाठीच. पण तिची यंत्रणा आखताना डोळ्यांसमोर ठेवायचा तो राष्ट्रामागे बसलेला माणूस, जो परीक्षा, नोकरी, घर सांभाळून आठवड्यातून तास-दोन तास काढतो. त्याचा वेळ वाचवणारी सुधारणा टिकते. त्याचा वेळ खाणारी सुधारणा कितीही देखणी असली, तरी कागदावरच राहते.

याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. ऑस्ट्रेलियन कादंबरीकार मॅक्स बॅरी यांनी नोव्हेंबर 2002 मध्ये आपल्या ‘जेनिफर गव्हर्नमेंट’ या कादंबरीच्या प्रसिद्धीसाठी ‘नेशनस्टेट्स’ हा खेळ सुरू केला. त्यातली जागतिक संघटना आधी ‘युनायटेड नेशन्स’ याच नावानं चालायची. जानेवारी 2008 मध्ये खऱ्या संयुक्त राष्ट्रांकडून नाव आणि बोधचिन्ह वापरण्याला हरकत घेणारं पत्र आलं आणि 1 एप्रिल 2008 रोजी तिची ‘वर्ल्ड असेंब्ली’ झाली. तारीख पाहून अनेकांना ती थट्टा वाटली, पण बदल खरा होता. तोवर मंजूर झालेले दोनशेहून अधिक ठराव इतिहासाच्या दप्तरात गेले आणि सभेला कोऱ्या पाटीवर सुरुवात करावी लागली. सुधारकाच्या दृष्टीनं हा फार मोलाचा प्रसंग आहे. अख्खा कायदेसंग्रह एका दिवसात पुसला गेला, तरी संघटना मेली नाही. उलट खेळाडूंनी जुनेच वाद नव्यानं, अधिक नेटके मसुदे लिहून मांडायला घेतले. कायदे गेले, पण कायदे करण्याची रीत शाबूत राहिली होती. संघटनेचा प्राण या रीतीत असतो.

ती रीत जरा जवळून पाहू. एका खेळाडूनं कितीही राष्ट्रं चालवावीत, पण वर्ल्ड असेंब्लीत त्याचं एकच राष्ट्र असू शकतं. ठराव मांडण्यासाठी त्या राष्ट्राला आणखी दोन सदस्य राष्ट्रांचा पाठिंबा लागतो. खेळातली राष्ट्रं वेगवेगळ्या प्रदेशांत राहतात आणि प्रत्येक प्रदेशाचा एक निवडलेला प्रतिनिधी असतो. अशा प्रतिनिधींपैकी 6 टक्क्यांनी ठरलेल्या मुदतीत संमती दिली, तरच ठराव मतदानाला जातो. मतदान चार दिवस चालतं आणि साध्या बहुमतानं निकाल लागतो. किती जणांनी मत दिलं पाहिजे, अशी अट नाही. मंजूर ठराव सगळ्या सदस्य राष्ट्रांना लागू होतो आणि त्यांच्या आकडेवारीत फरक आपोआप पडतो. एकदा मंजूर झालेल्या ठरावात दुरुस्ती करता येत नाही. तो नको असेल, तर रद्द करण्याचा वेगळा ठराव आणायचा आणि मग नवा मसुदा मांडायचा. यातला प्रत्येक नियम वेळेचा हिशेब करतो. कच्चे मसुदे प्रतिनिधींच्या चाळणीत अडतात, त्यामुळे सगळ्यांसमोर एका वेळी एकच पक्का मजकूर येतो. मुदत ठरलेली असल्यानं गैरहजर माणसासाठी कुणी ताटकळत नाही. दुरुस्त्यांवर दुरुस्त्या नसल्यानं चालू कायदा कोणता, हे शोधत बसावं लागत नाही.

तुमच्या गटात हजारो राष्ट्रं नाहीत आणि आकडेवारी आपोआप बदलणारं यंत्रही नाही, हे खरं. पण लहान गटात वेळेची टंचाई उलट जास्त जाचते. समजा, तुमच्या संघटनेत वीस सदस्य राष्ट्रं आहेत आणि सनदेत लिहिलंय की दोन-तृतीयांश सदस्यांनी मतदान केल्याशिवाय ठराव वैध नाही. म्हणजे चौदा मतं हवीत. संघटना सुरू झाली तेव्हा अठरा जण नियमित येत होते, त्यामुळे हा आकडा कुणाला खटकला नाही. वर्षभरानं नऊ जण उरले. नऊच्या नऊ जणांनी एकमतानं बाजूनं मत दिलं, तरी ठराव पडतो. गणपूर्तीची अट शिथिल करायची म्हटलं, तर त्या दुरुस्तीलाही चौदाच मतं लागतात. इथे संघटनेला टाळं लागतं, आणि ते विरोधकांनी लावलेलं नसतं. निघून गेलेल्या, कदाचित हा गट विसरूनही गेलेल्या माणसांनी लावलेलं असतं. म्हणून सुधारणेचं पहिलं काम नवी सनद लिहिण्याचं नाही, जुनं दप्तर तपासण्याचं आहे. मागचे दहा-बारा ठराव काढा आणि प्रत्येकापुढे तो कुठे थांबला ते लिहा. मसुदाच पुरा झाला नाही, मतदानाला आला पण मतं पडली नाहीत, मतं पडली पण कुणी अमलात आणला नाही, की नकाराधिकारानं मेला? बहुतेक ठराव एकाच टप्प्यावर अडलेले आढळले, तर फक्त तेवढा टप्पा बदला. बाकीच्या कलमांना हात लावायचा मोह आवरा. एका ठिकाणच्या गळतीसाठी सगळं घर उकललं, तर पावसाळ्याआधी ते पुन्हा उभं राहत नाही.

अडथळा गणपूर्तीचा असेल, तर ती काढून टाका आणि तिच्या जागी मुदत आणा. नियम असा लिहिता येईल: ‘मतदान सात दिवस खुलं राहील. पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मतं बाजूनं असतील आणि बाजूनं किमान चार राष्ट्रं असतील, तर ठराव मंजूर झाला असं मानलं जाईल. लागोपाठ तीन मतदानांत मत न देणारं राष्ट्र निरीक्षक होईल. त्यानं परत येऊन एक ओळ लिहिली, की त्याचं सदस्यत्व पूर्ववत होईल.’ यात गैरहजर माणसाला शिक्षा नाही, त्याचा अपमानही नाही. फक्त त्याच्या गैरहजेरीची किंमत इतरांनी मोजायची नाही, एवढंच ठरतं. एकाच वेळी सगळ्यांनी जमण्याच्या बैठकाही शक्यतो टाळाव्यात. पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये दुपारचे बारा असतात. डिस्कॉर्डवर तासाभराची सभा बोलावली, की कुणाची झोप किंवा कुणाचं ऑफिस आडवं येणारच. सात दिवस खुल्या असलेल्या मतदानात ही अडचण उरत नाही. यावर एक आक्षेप रास्त आहे: परीक्षांच्या दिवसांत सगळे गायब असताना चार जण मिळून वाटेल ते मंजूर करून घेतील. त्यावर उपाय जुन्या गणपूर्तीकडे परत जाण्याचा नाही. मतदानाआधी मसुदा ठरावीक दिवस सगळ्यांसमोर ठेवणं बंधनकारक करा आणि मंजुरीनंतर महिनाभरात कोणत्याही तीन राष्ट्रांना फेरमतदान मागण्याची मुभा द्या. मग घाईनं रेटलेला ठराव दुरुस्त होऊ शकतो, आणि एरवीचे ठराव अडून राहत नाहीत.

अडथळ्यांचा दुसरा मोठा साठा सापडतो तो राष्ट्र आणि खेळाडू यांच्यातल्या गोंधळात. रोलप्लेवाले आयसी आणि ओओसी म्हणतात, म्हणजे पात्र म्हणून बोलणं आणि खेळाडू म्हणून बोलणं. चर्चा करताना हा भेद सगळे पाळतात, पण सनद लिहिताना नेमका विसरतात. ‘सरचिटणीस दोन आठवडे निष्क्रिय राहिल्यास उपसरचिटणीस पदभार घेईल’ हे कलम राष्ट्रांच्या सनदेत टाकलं, की माणसाच्या आजारपणावर राष्ट्रांमधली चर्चा सुरू होते आणि ती पाहता पाहता वैयक्तिक होते. उलट ‘आक्रमक राष्ट्रावर निर्बंध लादावेत’ हा कथेतला निर्णय मॉडच्या, म्हणजे गट सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाच्या, आदेशासारखा वापरला, की ज्याचं राष्ट्र हरलं तो खेळाडू स्वतःलाच शिक्षा झाल्यासारखा दुखावतो. वर्ल्ड असेंब्लीलाही हे दोन प्रवाह वेगळे करावे लागले. 2009 मध्ये तिथे जनरल असेंब्लीच्या जोडीला सिक्युरिटी कौन्सिल हे दुसरं सभागृह आलं. कायदे करण्याचं काम पहिल्याकडे राहिलं. एखाद्या राष्ट्राचा किंवा प्रदेशाचा गौरव करणं, त्याचा निषेध करणं, आणि हल्लेखोरांनी बळकावून पासवर्डनं बंद केलेला प्रदेश मोकळा करणं ही कामं दुसऱ्याकडे गेली. ही सगळी कामं प्रत्यक्ष खेळाडूंच्या हालचालींशी निगडित आहेत. ठराव नियमांत बसतो की नाही, हे पूर्वी मॉड ठरवत. 2016 मध्ये त्यासाठी जाणत्या खेळाडूंचं एक मंडळ नेमण्यात आलं. म्हणजे कायदा, खेळाडूंची वागणूक आणि नियमांचा अर्थ या तीन गोष्टींसाठी तीन वेगळ्या जागा झाल्या. तुम्हाला तीन मंडळं नकोत, पण दोन कागद नक्की हवेत. एक छोटी नियमावली, जी खेळाडूंसाठी आहे: मतदान कसं होतं, कोण निरीक्षक होतो, वाद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा. दुसरी सनद, जी राष्ट्रांसाठी आहे आणि जिच्यात हवा तेवढा थाट, हवी तेवढी कलमं असू द्यात.

हा भेद एकदा पाळला, की अंमलबजावणीचा जुना तिढा सुटतो. ठराव मंजूर होतात पण कुणी पाळत नाही, ही तक्रार प्रत्येक गटात ऐकू येते, आणि त्यावर सुचवला जाणारा उपाय असतो संघटनेचं सैन्य. वर्ल्ड असेंब्लीत असं सैन्य उभं करता येत नाही. सदस्य देशांचे हक्क आणि कर्तव्यं सांगणारा 2008 चा तिथला अगदी सुरुवातीचा ठराव संघटनेला युद्धांपासून दूर ठेवतो. तरीही तिथल्या ठरावांना वजन आहे, कारण ते खेळाच्या यंत्रणेतच लागू होतात. तुमच्याकडे यंत्रणा नाही, तेव्हा बंधन वेगळ्या जागी घाला. मंजूर ठराव राष्ट्रानं पाळलाच पाहिजे, असा आग्रह धरू नका. ठरावाला दोन आठवड्यांत जाहीर उत्तर दिलंच पाहिजे, हे मात्र खेळाडूवर बंधनकारक करा. राष्ट्र म्हणू शकेल की आम्ही पाळतो. म्हणू शकेल की आम्ही धुडकावतो. म्हणू शकेल की पाळतो आणि आतून मात्र शस्त्रांचे कारखाने चालूच ठेवेल. तिन्ही उत्तरांतून पुढची कथा निघते. गप्प बसण्यातून काहीच निघत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघात, जपाननं बळकावलेल्या मांचुरियाच्या प्रश्नावर फेब्रुवारी 1933 मध्ये 42 विरुद्ध 1 असं मतदान झालं, ते एकटं विरोधी मत जपानचं होतं, आणि जपानी शिष्टमंडळ सभागृहातून उठून गेलं. त्या मतदानानं जपानी सैन्य मागे हटलं नाही. संघटना म्हणून ते अपयशच होतं. पण कथा म्हणून पाहिलं, तर एखाद्या राष्ट्राचं असं उठून जाणं किती काही घडवून आणतं! कल्पित संघटनेनं अशा निर्गमनाची वाट मोकळी ठेवावी. संघटना सोडण्याची मुदत, दंड, अटी असलं काही ठेवू नये, आणि परत येण्याची दारंही बंद करू नयेत.

मतांचं वजन हा पुढचा नाजूक भाग. एक खेळाडू, एक मत या तत्त्वात तडजोड करू नका. एकाच माणसाची पाच राष्ट्रं कथेत पाच आवाजांत बोलू द्यात, ते रंजकच असतं. मतदानात मात्र त्यांचं एकच मत धरा. वर्ल्ड असेंब्लीत हा नियम इतका मूलभूत आहे, की तो मोडणाऱ्याचं सदस्यत्व जातं. त्याच वेळी तिथे प्रदेशाच्या प्रतिनिधीचं मत त्याला मिळालेल्या पाठिंब्याच्या संख्येनं वाढतं. शेकडो पाठीराखे असलेल्या प्रतिनिधीनं एक कळ दाबली, की निकालाचा काटा झुकतो. मतदान सुरू होताच मोठ्या प्रतिनिधींनी एका बाजूला मतं टाकली, तर मागून येणारे बरेच जण मसुदा न वाचता तिकडेच जातात, आणि खेळाडू याला ‘लेमिंग इफेक्ट’ म्हणतात. हजारोंच्या खेळात प्रदेश संघटित राहावेत म्हणून हे वजन समजण्यासारखं आहे. वीस जणांच्या गटात मात्र लोकसंख्या, अर्थव्यवस्था किंवा सैन्यबळ पाहून मतांना वजन देणं घातक ठरतं, कारण हे आकडे खेळाडूनं स्वतःच लिहिलेले असतात. आपल्या राष्ट्राची लोकसंख्या चाळीस कोटी लिहायची की चार कोटी, हा लेखनाचा निर्णय आहे. त्यावरून मत मोजायला लागलात, तर सगळेच चाळीस कोटी लिहितील आणि चिमुकल्या बेटराष्ट्राची सुंदर कल्पना घेऊन आलेला नवा खेळाडू पहिल्याच दिवशी बाजूला पडेल. लहान गटात एक सोपी गोष्ट मात्र वर्ल्ड असेंब्लीपेक्षा चांगली करता येते: मतदान संपेपर्यंत मोजणी झाकून ठेवा. मग प्रत्येकाला मसुदा वाचूनच मत द्यावं लागतं.

नकाराधिकाराबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण संस्थापक खेळाडूंचा जीव सर्वांत जास्त त्यात अडकलेला असतो. खऱ्या जगाचा अनुभव इथे सावध करणारा आहे. राष्ट्रसंघाच्या करारातल्या पाचव्या कलमानुसार, काही अपवाद वगळता, सभेला हजर असलेल्या सगळ्यांची संमती लागायची. संयुक्त राष्ट्रांनी हा अडवण्याचा अधिकार सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्य राष्ट्रांपुरता मर्यादित केला, पण सनदेच्या 108 व्या कलमात दुरुस्तीसाठीही त्या पाचांची मान्यता आवश्यक ठेवली. परिणाम असा, की सुरक्षा परिषदेची सदस्यसंख्या आजवर एकदाच वाढली: 1963 मध्ये आमसभेनं दुरुस्ती मंजूर केली, 1965 मध्ये ती लागू झाली आणि 11 चे 15 सदस्य झाले. खऱ्या राष्ट्रांना पन्नास-साठ वर्षं वाट पाहता येते. कल्पित राष्ट्रांच्या गटात खेळाडूंची एक पिढी दोन-तीन वर्षांत बदलते. तिला वाट पाहायला लावणं म्हणजे तिला घालवणं. तरीही नकाराधिकार एका फटक्यात काढून टाका, असा माझा सल्ला नाही. ज्यांनी गट उभा केला, त्यांना तो आपल्या कामाची पावती वाटत असतो, आणि ती हिसकावून घेतली तर ते दुखावून जातात आणि जाताना चार जणांना घेऊन जातात. त्याऐवजी तो वापरण्याची किंमत वाढवा. सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला गेला, की दहा कामकाजाच्या दिवसांत आमसभेनं त्यावर चर्चा घ्यायची, असा ठराव 26 एप्रिल 2022 रोजी आमसभेनं केला. नकाराधिकार तसाच राहिला, पण तो वापरल्यानंतर गप्प राहण्याची सोय गेली. तुमच्याकडे याहून पुढे जाता येईल. नकार देणाऱ्या राष्ट्रानं आपल्या पात्राच्या तोंडून कारण मांडलंच पाहिजे, नकारानं ठराव महिनाभर लांबेल, आणि त्यानंतर दोन-तृतीयांश मतांनी तो मंजूर होऊ शकेल. अशा नकारातून प्रत्येक वेळी एक भाषण, एक महिन्याची रस्सीखेच आणि एक मतदान निघतं. संस्थापकाचा मान राहतो आणि नव्यांना वाट मिळते.

दुरुस्तीच्या पायऱ्या कशा लावाव्यात, याचा उत्तम नमुना आपल्याकडेच आहे. भारतीय राज्यघटनेत सगळ्या बदलांना एकच मोजपट्टी नाही. 368 व्या कलमाखाली बहुतेक दुरुस्त्यांना संसदेत विशेष बहुमत लागतं. संघराज्याच्या गाभ्याशी संबंधित काही तरतुदींना त्यावर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. पण राज्यांच्या सीमा बदलणं किंवा नवं राज्य निर्माण करणं साध्या कायद्यानं होतं. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र आणि गुजरात अस्तित्वात आले, ते संसदेच्या मुंबई पुनर्रचना कायद्यानं. त्याला 368 व्या कलमाची वाट चढावी लागली नाही. एवढा मोठा, एवढ्या संघर्षानंतरचा बदल कायद्याच्या दृष्टीनं सुकर ठेवलेला होता. कल्पित संघटनेत ही कल्पना थोडक्यात वापरा. समित्यांची नावं, मुदती, पदं असल्या रोजच्या गोष्टी साध्या बहुमतानं बदलता याव्यात. सदस्यत्व आणि मतदानाचे नियम दोन-तृतीयांश मतांनी बदलावेत. आणि एक खेळाडू, एक मत यासारखी एखाद-दुसरी गोष्ट सोडली, तर कशालाच अपरिवर्तनीय करू नका. जे दोन-तृतीयांश मोजायचे ते पडलेल्या मतांचे, सदस्यांच्या एकूण यादीचे नव्हेत. नाही तर गणपूर्तीचं भूत मागच्या दारानं परत येईल.

आता मुख्य अडचण. जुनी सनदच असे बदल करू देत नसेल तर काय? इथे पुष्कळ सुधारक चुकीचा रस्ता धरतात: ‘आता जुनी सनद रद्द’ अशी घोषणा मॉडच्या अधिकारानं करून मोकळे होतात. काम होतं, पण विश्वास जातो, कारण उद्या नवी सनदही कुणी तशीच रद्द करू शकतं, हे सगळ्यांना कळतं. खऱ्या जगात अडलेल्या संघटनांचा प्रश्न अनेकदा वारस संघटना काढून सोडवला गेला. संयुक्त राष्ट्रं 24 ऑक्टोबर 1945 रोजी अस्तित्वात आली. राष्ट्रसंघाची शेवटची सभा त्यानंतर, एप्रिल 1946 मध्ये भरली आणि तिनंच आपला कारभार, जिनिव्हातली वास्तू आणि मालमत्ता नव्या संघटनेकडे सोपवली. 1963 ची आफ्रिकी एकता संघटना सदस्यांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करण्याच्या तत्त्वाशी बांधलेली होती. 2002 मध्ये तिच्या जागी आलेल्या आफ्रिकी संघानं नरसंहारासारख्या गंभीर प्रसंगी हस्तक्षेपाचा अधिकार आपल्या मूळ दस्तऐवजातच लिहून घेतला. जुन्या चौकटीत जे बसवता येत नव्हतं, ते नव्या चौकटीत सुरुवातीलाच बसवलं. तुम्हीही हाच मार्ग धरा. सक्रिय राष्ट्रांची एक परिषद कथेतच बोलवा, नवा करार सह्यांसाठी खुला करा, आणि अमुक इतक्या सह्या झाल्या की तो लागू होईल असं त्यातच लिहा. जुनी संघटना महिना-दोन महिने बाजूला तशीच असू द्यात. ज्यांना नवा करार मान्य नाही त्यांना जुन्या सभागृहात शेवटचं भाषण करता येईल, आणि रोलप्लेमध्ये हरणाऱ्याला चांगलं भाषण करायला मिळणं ही लहान गोष्ट नाही. नियमांतला बदल असा कथेचाच भाग झाला, की सुधारणा हे कंटाळवाणं कार्यालयीन काम राहत नाही.

जुन्या खेळाडूंचा यावरचा आक्षेप मनापासूनचा असतो: सगळं नव्यानं करायचं, तर आमच्या तीन वर्षांच्या इतिहासाचं काय? हा प्रश्न उडवून लावू नका. ज्या ठरावाच्या एका परिच्छेदावर दोघांनी रात्री जागवल्या, तो नुसता ‘रद्द’ म्हणून टाकणं क्रूर आहे. नेशनस्टेट्समध्ये 2008 पूर्वीचे ठराव लागू नाहीत, पण ते आजही वाचता येतात. लहान गटात याहून जास्त करता येतं. जुन्या ठरावांची यादी नव्या संघटनेपुढे ठेवा. कोणतंही एक राष्ट्र पुढे येऊन एखादा ठराव ‘आम्ही हा पुढे नेतो’ म्हणेल, तो जसाच्या तसा मतदानाला जाईल. ज्याच्यासाठी एकही राष्ट्र उभं राहत नाही, तो दप्तरात जाईल, आणि ते दप्तर सगळ्यांना वाचायला खुलं राहील. यात एक फायदाही आहे: नव्या खेळाडूंना जुने ठराव वाचावे लागतात, आणि इतिहास जिवंत होतो.

दुसरा आक्षेप वास्तवाचा. खऱ्या आंतरराष्ट्रीय संघटना संथ असतात, गुंतागुंतीच्या असतात, त्यात कोंडी होते. ती कोंडीच आम्हाला खेळायची आहे, असं काही जण म्हणतात. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण त्यातून निघणारा निष्कर्ष पटत नाही. कोंडी लिहिता येते, वाचता येते, तिच्यात रंगता येतं, जोवर ती दोन राष्ट्रांच्या हितसंबंधांतून येते. मोजणी करणारा माणूस तीन आठवडे आला नाही म्हणून आलेली कोंडी कुणालाच खेळता येत नाही. ती नुसती भोगावी लागते. संथपणा हवा असेल, तर तो कथेत आणा: आयोग नेमा, अहवाल मागवा, शिष्टमंडळं पाठवा, एखाद्या बंदरावरचा वाद चार सत्रं चालवा. मतदानाची मुदत मात्र सातच दिवसांची ठेवा.

थोडक्यात सांगण्याजोगी, पण विसरली जाणारी एक बाब: किल्ल्या कुणाकडे आहेत, ते पाहा. सर्व्हरचा मालक एकच असेल आणि तो माणूस निघून गेला, तर सगळ्या सनदा व्यर्थ. किमान तिघांकडे प्रशासकाचे अधिकार असावेत, मंजूर ठरावांची प्रत गटाबाहेर एखाद्या सामायिक दस्तऐवजात ठेवावी, आणि हे काम सरचिटणिसाच्या पदाशी जोडू नये. सरचिटणीस हे कथेतलं पद आहे. त्यावर उठाव होऊ द्यात, महाभियोग होऊ द्यात, पण त्या भांडणात दप्तर हरवता कामा नये.

नवी व्यवस्था लागू झाल्यावर पहिला ठराव कोणता आणायचा, याचाही विचार करून ठेवा. मोठा, सर्वांना मान्य होणारा, शांततेची ग्वाही देणारा ठराव आणू नका. तो एकमतानं मंजूर होतो आणि कुणाला काही करावं लागत नाही. एखादा छोटा, ठोस, दोन गट पाडणारा विषय घ्या: सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांवरचा कर, निर्वासितांचा वाटा, एखाद्या नदीवरचं धरण. हरणाऱ्या बाजूलाही पुढची चाल खेळता येईल असा तो हवा. मग तीन महिन्यांनी तीच दहा-बारा ठरावांची तपासणी पुन्हा करा. किती मसुदे मतदानापर्यंत पोचले, किती जणांनी मत दिलं, किती राष्ट्रांनी मंजूर ठरावांना उत्तर दिलं आणि त्यातली नव्या खेळाडूंची किती, एवढे चार आकडे पुरेत. नव्या खेळाडूंचा आकडा शून्य असेल, तर नियमावली पहिल्यांदाच पाहणाऱ्या माणसाला ती वाचायला द्या आणि पहिला ठराव मांडायला त्याला नेमक्या किती पायऱ्या चढाव्या लागतात, ते मोजायला सांगा. तीनपेक्षा जास्त निघाल्या, तर पुढची दुरुस्ती तिथे करा.